आश्रयाचा निर्णय लागेपर्यंत गोव्यात काम: कागद कुठला, परवानगी कुणाची

दोन पावसाळ्यांपूर्वी हरमलच्या एका गेस्टहाऊसवाल्याचा फोन आला. त्याच्याकडे स्वयंपाकघरात काम मागायला एक परदेशी माणूस आला होता. हाताला चव होती, इंग्रजी मोडकंतोडकं होतं आणि खिशात संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाचा, म्हणजे यूएनएचसीआरचा कागद होता. 'हा चालतो ना?' मालकाने व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवून विचारलं. नाव, छायाचित्र, शिक्का, सगळं खरं दिसत होतं. मी म्हणालो, चालतो.

माझं उत्तर चुकीचं होतं. तीन आठवड्यांनी तपासणी आली. त्या माणसाला दोन दिवस सकाळ-संध्याकाळ चौकीवर हजर व्हावं लागलं, मालकाला वकील करावा लागला, आणि 'परवानगीशिवाय काम' ही एक ओळ त्या माणसाच्या पुढच्या प्रत्येक अर्जात आडवी येत राहिली. मी म्हापशात छोट्या धंदेवाल्यांचे परवाने, पगारपत्रकं, ईएसआय-पीएफ (कामगार विमा आणि भविष्यनिर्वाह निधी) सांभाळतो. वकील नाही. पण त्या ओळीला मी कारण झालो, म्हणून तेव्हापासून या विषयातला प्रत्येक कागद बसून वाचला. जे समजलं ते इथे क्रमाने लिहितो.

आपल्या देशात छळ होईल या भीतीने इथे आश्रय मागून निर्णयाची वाट पाहणारा माणूस बहुधा मराठी वाचत नाही. त्याचा घरमालक, शेजारी, त्याला काम देऊ पाहणारा पात्रांव (मालक), त्याच्या मुलांची शिक्षिका मराठी वाचतात. हा लेख त्यांनी वाचावा आणि त्याला त्याच्या भाषेत समजावून सांगावा.

आधी जमीन कुठली ते बघा

युरोपातल्या बऱ्याच देशांत आश्रयाचा अर्ज केल्यावर ठरावीक महिन्यांनी काम करायचा परवाना मिळू शकतो. तिकडे राहणाऱ्या गोंयकारांकडून हे ऐकून इथले लोक धरून चालतात की इथेही तसंच असेल. इथे तसं नाही. १९५१ च्या निर्वासित करारावर आणि १९६७ च्या त्याच्या पूरक करारावर भारताची सही नाही. निर्वासितांसाठी वेगळा राष्ट्रीय कायदाही नाही. कायद्याच्या नजरेत आश्रय मागणारा माणूस आधी 'परदेशी व्यक्ती' असतो, आणि त्याला लागतो तो २०२५ चा इमिग्रेशन आणि परदेशी नागरिक कायदा. १ सप्टेंबर २०२५ पासून तो लागू झाला आणि १९४६ चा जुना परदेशी नागरिक कायदा त्याने रद्द केला.

या कायद्यातले आकडे लक्षात ठेवण्यासारखे आहेत. वैध पासपोर्ट किंवा व्हिसाशिवाय देशात आलेल्याला ५ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. व्हिसाची मुदत संपूनही राहणाऱ्याला किंवा व्हिसाच्या अटी मोडणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद, ३ लाखांपर्यंत दंड. बनावट कागद वापरणाऱ्याला किमान २ आणि जास्तीत जास्त ७ वर्षं. अटी मोडायला मदत करणाराही यातून सुटत नाही. म्हणजे मालकही आला.

याच्या दुसऱ्या बाजूला राज्यघटना आहे. कलम १४ आणि २१, म्हणजे कायद्यापुढची समानता आणि जीविताचं संरक्षण, ही प्रत्येक 'व्यक्तीला' आहेत, फक्त नागरिकाला नाहीत. १९९६ मध्ये अरुणाचल प्रदेशातल्या चकमा निर्वासितांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट सांगितलं. पण हवा तो धंदा-व्यवसाय करायचा हक्क कलम १९ मध्ये आहे आणि ते कलम नागरिकांपुरतं आहे. या फटीतच आश्रय मागणाऱ्याचं आयुष्य अडकतं: जगायचा हक्क आहे, कमवायचा हक्क मागून घ्यावा लागतो.

पहिली पायरी: माणूस कुठल्या गटातला, हे ठरवा

अर्धा गोंधळ इथे मिटतो. सगळ्या परदेश्यांना एकच नियम नाही.

नेपाळ आणि भूतानच्या नागरिकांना इथे राहून काम करायला व्हिसा लागत नाही. त्यांच्यासाठी पुढचं काही वाचायची गरज नाही, फक्त ओळखपत्र खरं आहे ना ते बघा.

तिबेटी लोकांची नोंद थेट भारत सरकारकडे होते. कळंगुट-बागा पट्ट्यात सीझनला दागिने आणि लोकरीच्या वस्तू विकणारे तिबेटी दुकानदार सगळ्यांना माहीत आहेत. त्यांच्याकडे नोंदणी प्रमाणपत्र असतं आणि ते वेळच्या वेळी नूतनीकरण करावं लागतं. २०१४ च्या तिबेटी पुनर्वसन धोरणाने त्यांना धंद्याचे परवाने आणि नोकरी यांची वाट मोकळी करायला राज्यांना सांगितलं आहे. श्रीलंकेतून आलेल्या तमिळ निर्वासितांची नोंदही सरकारच करतं. यांपैकी कुणी यूएनएचसीआरच्या रांगेत उभं राहायचं कारण नाही.

अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि बांगलादेशातून आलेले हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती यांच्यासाठी लाँग टर्म व्हिसाची, म्हणजे एलटीव्हीची वेगळी सवलत आहे. त्यात खासगी नोकरी किंवा स्वतःचा धंदा, बँक खातं, पॅन, आधार, वाहन परवाना, राहण्यापुरतं घर असं बरंच काही बसतं. ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत आलेल्यांना पासपोर्ट-व्हिसा नसल्याबद्दलच्या शिक्षेतून सप्टेंबर २०२५ च्या आदेशाने सूट दिली आहे. नागरिकत्व दुरुस्ती कायद्याची तारीख मात्र वेगळी, ३१ डिसेंबर २०१४. या दोन तारखांची सरमिसळ करून लोक चुकीचा अर्ज भरतात. एक शिक्षेपासून सूट देते, दुसरी नागरिकत्वाकडे नेते.

उरले ते बाकीचे: आफ्रिकेतले देश, येमेन, सीरिया, इराण, म्यानमार, आणि अफगाणिस्तानातले वरच्या यादीत न बसणारे. यांचे दावे यूएनएचसीआर तपासते. पुढच्या पायऱ्या मुख्यतः यांच्यासाठी आहेत. २०२१ च्या ऑगस्टमध्ये काबूल पडलं तेव्हा सरकारने अफगाणांसाठी ई-इमर्जन्सी एक्स-मिसलेनियस नावाचा व्हिसा काढला होता. त्या व्हिसावर राहता येतं, पण नोकरीची परवानगी त्यात आपोआप येत नाही.

दुसरी पायरी: असलेला व्हिसा मरू देऊ नका

माझ्याकडे आलेली बहुतेक माणसं इथेच घसरली होती. टुरिस्ट किंवा विद्यार्थी व्हिसावर आले, तिकडे देशात परिस्थिती बिघडली, परत जाणं धोक्याचं झालं आणि घाबरून ते गप्प बसले. व्हिसा संपला. मग प्रत्येक सरकारी दारात पहिला प्रश्न एकच: मुदत संपल्यावर इतके महिने कुठे होता?

म्हणून मुदत संपण्याआधी ई-एफआरआरओ संकेतस्थळावर खातं उघडून अर्ज टाका. एफआरआरओ म्हणजे परदेशी नागरिकांची नोंद ठेवणारं कार्यालय. गोव्यासाठी ते इथेच आहे, मुंबईला धाव घ्यावी लागत नाही. १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीचा व्हिसा असेल तर साधारणपणे आल्यापासून १४ दिवसांत तिथे नोंदणी करायची असते. पत्ता बदलला तर तोही कळवायचा. हरमलहून मडगावला खोली बदलली आणि कळवलं नाही, एवढ्याशा गोष्टीवर मी एक चांगली फाइल रखडलेली पाहिली आहे.

राहण्याची जागाही नोंदीत हवी. परदेशी पाहुणा उतरला की २४ तासांत ऑनलाइन माहिती द्यायची असते. गोव्यात सगळे अजून त्याला सी-फॉर्मच म्हणतात. हॉटेलला लागू आहे तसं ते घरात खोली देणाऱ्यालाही आहे. 'आमचं काही हॉटेल नाही' हे उत्तर चालत नाही. शिवाय भाडेकरूची माहिती जवळच्या पोलीस स्टेशनला द्या आणि लेखी भाडेकरार करा. हा करार पुढे पत्त्याचा पुरावा म्हणून चार ठिकाणी लागतो, म्हणजे घरमालकाने केलेली ही सर्वांत मोठी मदत.

पासपोर्टची मुदत संपत आली तर काय? नेहमीचा सल्ला असतो, आपल्या देशाच्या वकिलातीत जा. पण ज्याला आपल्याच सरकारची भीती आहे त्याने तसं करण्याआधी थांबावं. एकीकडे 'माझं सरकार मला मारेल' म्हणायचं आणि दुसरीकडे त्याच सरकारकडून नवा पासपोर्ट घ्यायचा, यावर मुलाखतीत प्रश्न येतो. आधी यूएनएचसीआरला विचारा, आणि पासपोर्ट का वाढवता येत नाही हे एफआरआरओला लेखी कळवून पोच घ्या.

तिसरी पायरी: दिल्लीची नोंदणी

यूएनएचसीआरचं भारतातलं मुख्य कार्यालय नवी दिल्लीत आहे. आधी फोन किंवा ईमेलने संपर्क करायचा आणि भेटीची वेळ मिळाल्यावरच निघायचं. वेळ न घेता वास्कोहून गोवा एक्स्प्रेसने दोन रात्री काढून निजामुद्दीनला उतरलेला आणि दारावरून परत आलेला एक तरुण मला माहीत आहे. त्याच्याकडे परतीच्या तिकिटाचे पैसेही नव्हते. प्रवासात पासपोर्ट आणि व्हिसाची प्रत जवळ ठेवा.

नोंदणी झाली की 'अंडर कन्सिडरेशन' प्रमाणपत्र मिळतं. त्याचा अर्थ एवढाच की या माणसाचा दावा तपासला जात आहे. हरमलच्या माणसाच्या खिशात हाच कागद होता. पुढे सविस्तर मुलाखत होते, दुभाषा मिळतो, आणि दावा मान्य झाला तर निर्वासित ओळखपत्र मिळतं. नामंजूर झाला तर ३० दिवसांत अपील करता येतं. यातल्या कुठल्याही टप्प्याला एक पैसाही लागत नाही. 'दिल्लीत माझी ओळख आहे, लवकर करून देतो' म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं सांगतो. प्रमाणपत्र असो की ओळखपत्र, दोन्ही काम करायची परवानगी देत नाहीत. ते संरक्षणाचे कागद आहेत. पोलिसांपुढे, रुग्णालयात, शाळेत त्यांचं वजन आहे. हद्दपारीविरुद्ध तेही पुरेसं कवच नाही. २०२१ मध्ये रोहिंग्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की हद्दपार न होण्याचा हक्क हा देशात राहण्या-वसण्याच्या हक्काला जोडलेला आहे आणि तो नागरिकांपुरता आहे. काम करायची परवानगी देऊ शकतं ते फक्त भारत सरकार, आणि ती येते चौथ्या पायरीतून.

चौथी पायरी: एलटीव्हीचा अर्ज

२९ डिसेंबर २०११ रोजी केंद्रीय गृह मंत्रालयाने निर्वासित असल्याचा दावा करणाऱ्या परदेश्यांसाठी एक कार्यपद्धती ठरवली आणि २०१९ मध्ये ती सुधारली. तिचं सार असं: वंश, धर्म, लिंग, राष्ट्रीयत्व, वांशिक ओळख, विशिष्ट सामाजिक गट किंवा राजकीय मत यांमुळे छळ होण्याची साधार भीती दिसली तर राज्य सरकार केंद्राकडे शिफारस करतं आणि केंद्र एलटीव्ही देऊ शकतं. तो साधारण एका वर्षाचा असतो आणि वाढवता येतो. ज्याला तो मिळाला त्याला खासगी क्षेत्रात नोकरी करता येते आणि शिकताही येतं. भारतात आश्रय मागणाऱ्याला कायदेशीर कामाचा खरा दरवाजा तो हा. अरुंद आहे, पण आहे.

पर्यटक व्हिसा बदलून नोकरीचा व्हिसा मिळेल या आशेवर बरेच जण वेळ घालवतात. एम्प्लॉयमेंट व्हिसासाठी सर्वसाधारणपणे वर्षाला १६.२५ लाख रुपये पगाराची अट आहे. आपल्या देशाचं खास जेवण बनवणारे आचारी आणि भाषाशिक्षक अशा थोड्यांना तीतून सूट आहे. पण तो व्हिसा परदेशातल्या भारतीय वकिलातीतून घ्यायचा असतो आणि टुरिस्ट व्हिसा इथे बसून त्यात बदलत नाही. परत जाऊ न शकणाऱ्याला त्याचा काय उपयोग? विद्यार्थी व्हिसावर फावल्या वेळात शॅकमध्ये वाढप्याचं काम करणं हेही अटींचं उल्लंघन आहे.

एलटीव्हीचा अर्ज ई-एफआरआरओवरून होतो, चौकशी इथेच होते आणि मग फाइल वर जाते. अर्जासोबत जोडायचं ते असं: पासपोर्ट, व्हिसा आणि आगमनाच्या शिक्क्याचं पान, भाडेकरार, छायाचित्रं, यूएनएचसीआरचा कागद असेल तर तो, आणि स्वतःचं निवेदन. शेवटच्या गोष्टीवर मी सर्वांत जास्त वेळ घालवायला सांगतो.

निवेदन तारखांच्या क्रमाने लिहा. कुठल्या गावात, कधी, कुणी काय केलं. तक्रार केली का, केली नसेल तर का नाही. देशातल्या दुसऱ्या शहरात जाऊन का राहता आलं नाही. परत गेलो तर नेमकं काय होईल. तारीख आठवत नसेल तर 'पेरणीच्या सुमारास' असं लिहा, पण अंदाजाची तारीख खरी म्हणून देऊ नका. दिल्लीत सांगितलेली हकीकत आणि इथे लिहिलेली हकीकत एकच असली पाहिजे. दोन ठिकाणी दोन तारखा पडल्या की सगळ्या गोष्टीवरचा विश्वास उडतो. मारहाण, तुरुंग, बलात्कार यांतून गेलेल्या माणसाची आठवण सरळ रेषेत चालत नाही, म्हणून त्याला एका बैठकीत लिहायला लावू नका. चहा द्या, उद्या परत बसा. मदत करताना आपण त्याच्या तोंडी आपले शब्द घालत नाही ना, याकडेही लक्ष ठेवा. मला ही सवय लागायला वेळ लागला. मला वाटायचं, जरा जोरदार लिहिलं तर काम होईल. जोरदार लिहिलेलं निवेदन चौकशीत पहिल्या उलट प्रश्नाला कोसळतं.

आणि नोकरी मिळत नव्हती म्हणून आलो, असं असेल तर ही कार्यपद्धती लागू होत नाही. आर्थिक कारणाने आलेला तिच्यात बसत नाही. दोन्ही कारणं खरी असू शकतात. भूक आणि भीती पुष्कळदा एकाच घरात असतात. अशा वेळी भीती काय होती ते सविस्तर लिहा आणि भूक लपवू नका.

अर्ज दिला की पोच, अर्ज क्रमांक आणि प्रत्येक कागदाची प्रत मोबाइलमध्ये आणि कागदावर, दोन्हीकडे ठेवा. मग थांबायचं. उत्तराला महिने लागतात. तीस दिवसांत राज्याने शिफारस करावी असं २०११ च्या कार्यपद्धतीत होतं, तेव्हा महिना उलटला की नम्र शब्दांत लेखी विचारणा करायला हरकत नाही. मी दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एक ओळीचा ईमेल पाठवायला सांगतो.

हे सगळं कशासाठी करायचं, असं मला विचारतात. आमच्या फोंडा महालात याचं उत्तर रोज घंटा वाजवतं. सोळाव्या शतकात कुठ्ठाळीहून मंगेश प्रियोळला आला, केळशीहून शांतादुर्गा कवळ्याला आली, कारण तेव्हा अंत्रुज, म्हणजे हा फोंडा महाल, पोर्तुगीजांच्या ताब्यात नव्हता. देवांना घेऊन जी माणसं रात्री नदी ओलांडून आली त्यांनाही कुणीतरी जमीन आणि काम दिलं असेलच. १९७२ मध्ये इदी अमीनने ९० दिवसांत युगांडा सोडायला लावलेल्यांत कितीतरी गोंयकार कुटुंबं होती.

मधल्या काळात काय करायचं, काय नाही

हा भाग कटू आहे आणि मी तो गोड करणार नाही. परवानगी येईपर्यंत पगारी काम कायदेशीर नाही. रोख हातात दिले तरी नाही. पगाराऐवजी जेवण आणि खाट दिली तरी ते कामच. किनाऱ्यावरच्या कितीतरी हॉस्टेलांत 'व्हॉलंटियर' म्हणून परदेशी मुलं रिसेप्शनवर बसतात. आश्रय मागणाऱ्याने त्यांचं बघून तसं करू नये. त्या मुलांना बहुधा परत पाठवतील. याला परत जायला जागा नाही. हणजूणच्या बुधवारच्या बाजारात टेबल मांडणं, टॅटू काढणं, योगाचे वर्ग घेणं, भाड्याच्या स्कूटरवर गिऱ्हाईक फिरवणं, हे सगळं त्यातच येतं.

मग जगायचं कसं? नातेवाइकांकडून रीतसर बँकेमार्फत आलेले पैसे चालतात आणि त्यांची नोंद पुढे उपयोगीच पडते. चर्च, देवस्थान, शेजारी यांनी धान्य, भाडं, औषध म्हणून केलेली मदत ही मदतच असते, तिच्या बदल्यात झाडू मारून घेऊ नका. ६ ते १४ वयाच्या मुलांना शाळेत घाला. २००९ चा शिक्षण हक्क कायदा 'प्रत्येक मूल' म्हणतो. आणि हा काळ शिकण्यात घालवा. कोंकणी बोलायला, हिंदी समजायला आणि थोडं संगणकावर काम करायला शिकलेल्या एका बाईला परवानगी आल्यावर आठवड्यात काम मिळालं. परवानगी येण्याआधी तिने दीड वर्ष शिकण्यात काढलं होतं.

ज्याने नाइलाजाने आधीच काम केलं आहे आणि मजुरी बुडाली आहे, त्याने गप्प बसू नये. कलम २३ मधली वेठबिगारीची बंदी प्रत्येक माणसासाठी आहे, आणि किमान वेतनापेक्षा कमी देऊन राबवणं म्हणजे वेठबिगारीच, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये सांगितलं आहे. पण तक्रार करण्याआधी वकिलाशी बोला, कारण तक्रारीत स्वतःचं परवानगीविना केलेलं कामही उघड होतं. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. १५१०० या क्रमांकावर फोन करा. स्त्रिया, मुलं, कोठडीत असलेली व्यक्ती आणि मानवी तस्करीचे बळी यांना मोफत वकील मिळतो, आणि त्यासाठी नागरिक असण्याची अट नाही.

पाचवी पायरी: परवानगी आल्यावर

एलटीव्ही मंजूर झाल्याचा कागद आला की आधी तो पूर्ण वाचा. मुदत कधीपर्यंत, पत्ता कुठला, कामाबद्दल काय लिहिलं आहे, दुसऱ्या राज्यात जायला कळवावं लागतं का. मग पॅनसाठी अर्ज करा. आधारसाठी अर्जाआधीच्या १२ महिन्यांत १८२ दिवस भारतात राहिलेलं असावं लागतं, आणि आधारची मुदत व्हिसाच्या मुदतीला बांधलेली असते. बँकेत पासपोर्ट, एलटीव्हीची छापील प्रत आणि भाडेकरार घेऊन जा. काउंटरवरच्या माणसाने असा कागद आधी पाहिलेला नसतो, तेव्हा शाखा व्यवस्थापकाला भेटा आणि ओळखीच्या खातेदाराला सोबत न्या. इथे शेजारी फार उपयोगी पडतो.

काम देणाऱ्यासाठी

मालकांनो, हे माझ्या रोजच्या कामातलं आहे, म्हणून जरा नेटकं सांगतो.

पासपोर्ट आणि एलटीव्ही मुळातून पाहा, मोबाइलवरचा फोटो पुरत नाही. माझी चूक तिथेच झाली होती. प्रती काढून त्यावर तारीख घाला, आणि मुदत संपण्याच्या दोन महिने आधीची तारीख कॅलेंडरवर लिहा. नूतनीकरणाचा अर्ज त्या दिवशी गेला पाहिजे. पासपोर्ट कपाटात ठेवून घेऊ नका. 'पळून गेला तर' म्हणून तो ठेवणारे मालक मी पाहिलेत. त्याने माणूस बांधला जातो आणि उद्या तुमच्यावर मानवी तस्करीचा आरोप आला तर पहिला पुरावा तोच ठरतो.

नेमणूकपत्र द्या. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनी ते सगळ्यांनाच द्यायला सांगितलं आहे. पगार बँकेतून द्या आणि तो गोव्यासाठी ठरलेल्या किमान वेतनाखाली नको. महागाई भत्त्याबरोबर हे दर बदलत राहतात, म्हणून चालू आदेश कामगार आयुक्तालयातून घ्या. तुमच्या आस्थापनेला ईएसआय लागू असेल आणि पगार महिना २१,००० पर्यंत असेल तर त्याचंही नाव घाला. पीएफमध्ये परदेशी कामगाराचा नियम वेगळा आहे: १५,००० ची मर्यादा त्याला लागत नाही. याबाबत सीएला आधी विचारा, नंतर हिशेब काढणं महागात पडतं. बाई कामाला असेल तर २०१३ चा लैंगिक छळ प्रतिबंधक कायदा तिलाही तसाच लागू आहे, आणि तक्रार कुणाकडे करायची हे तिला तिच्या भाषेत सांगून ठेवा. कामगाराला मागच्या खोलीत राहायला देत असाल तर ती जागाही सी-फॉर्ममध्ये आली पाहिजे.

तपासणी आली तर

घाबरून मागच्या दाराने पळू नये. कागद दाखवावेत आणि आश्रयाचा अर्ज प्रलंबित आहे हे पहिल्याच मिनिटाला सांगावं. न समजणाऱ्या भाषेतल्या जबाबावर सही करू नये, दुभाषा मागावा. अटक झाली तर कारण कळण्याचा, वकील मागण्याचा आणि २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभं राहण्याचा हक्क कलम २२ देतं. म्हापशाच्या जुन्या उपतुरुंगात २०१९ पासून परदेश्यांसाठी डिटेन्शन सेंटर आहे. कुणाला तिथे नेलं तर त्याच दिवशी १५१०० ला आणि यूएनएचसीआरला कळवा, अर्ज क्रमांक सांगा. म्हणूनच त्याच्या कागदांचा एक संच शेजाऱ्याच्या घरी असावा.

निकाल लागल्यावर

दावा मान्य झाला पण एलटीव्ही अजून आलेला नाही, तर काम अजूनही थांबलेलंच आहे. नवं ओळखपत्र एफआरआरओच्या फाइलला जोडा. दावा नामंजूर झाला तर नाकारण्याची कारणं वाचा आणि ३० दिवसांचं अपील त्या कारणांनाच उत्तर देणारं लिहा. तीच हकीकत पुन्हा उतरवून उपयोग नाही. पत्रावरची तारीख बघा, पोस्टातून हातात आलेल्या दिवसावर भिस्त ठेवू नका.

हरमलचा तो माणूस अजून वाट पाहतो आहे. मागच्या महिन्यात त्याच्या फाइलवरच्या त्या ओळीबद्दलचं स्पष्टीकरण आम्ही बसून लिहिलं. दुसऱ्या परिच्छेदात लिहिलं आहे की कागद पाहून 'चालतो' असं सांगणारा मी होतो, आणि त्याखाली माझी सही आहे.